न फुटलेला कोहळा

कौशल्याबाई घाटगे बेंगळुरूतल्या त्या कॉलेजात पहिल्यांदा गेल्या तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला.

यात पोरांची काही चूक नव्हती. पन्नाशी ओलांडलेली बाई, कडक इस्तरीची सुती साडी, नाकावर चष्मा, खांद्याला पिशवी. 'गुड मॉर्निंग, मॅम' म्हणण्यावाचून त्यांनी करायचं तरी काय? दुसरी कुणी असती तर कानकोंडी होऊन मागच्या बाकावर जाऊन बसली असती. कौशल्याबाईंनी चष्मा जरा वर सारला, वर्गावरून सावकाश नजर फिरवली आणि हातानंच 'बसा' अशी खूण केली. मग त्या टेबलापाशी गेल्या, खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि समोर पडलेला हजेरीचा कागद उचलून एकेक नाव पुकारायला लागल्या.

विराट नावाच्या मुलाला त्यांनी तोंडातलं च्युइंगगम बाहेर टाकून यायला लावलं. खिडकीपाशी कुजबुजणाऱ्या दोघांना लांब लांब बसवलं. 'कौशल्या बाई जी.' हे स्वतःचंच नाव आलं तेव्हा ते दोनदा पुकारलं. कुणीच 'हजर' म्हणेना, तशी कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी दांडी? या बाईंचं काही खरं दिसत नाही."

एवढ्यात दारात खरे शिक्षक आले. यशोवर्धन मेहेंदळे. पुण्याहून नुकतेच आलेले, कंत्राटावर लागलेले, किडकिडीत आणि कायम घाबरलेले. खुर्चीतल्या बाई बघून ते जागीच थबकले, 'सॉरी' म्हणाले आणि आल्या पावली बाहेर गेले. व्हरांड्यातून त्यांनी बायकोला फोन लावला. तो आत स्वच्छ ऐकू येत होता.

"शाल्मली, अगं माझ्या जागी दुसरंच कुणीतरी आणून बसवलंय! हो ना, अटेंडन्स घेताहेत. नाही गं, मला काहीच कळवलेलं नाही."

मराठी कानावर पडली आणि कौशल्याबाईंना पुढचं नाटक रेटवेना. त्या पदर सावरत बाहेर गेल्या.

"अहो सर, या की आत. मी तुमची स्टुडंट हाय. स्वल्प गंमत केली."

सरांच्या चेहऱ्यावर आधी सुटल्याचा आनंद आला, त्याच्या मागोमाग राग आला आणि दोन्हींचं काय करावं हे न ठरल्यामुळे शेवटी नुसतंच आश्चर्य उरलं.

"तुम्ही... मराठी?"

"मग काय तर!"

"मूळचं गाव कुठलं तुमचं?"

"राजाजीनगर," कौशल्याबाई म्हणाल्या.

त्यात थट्टा नव्हती. घाटगे मंडळी शेकडो वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आली आणि हवा आवडली म्हणून म्हणा किंवा परतीची वाट विसरली म्हणून म्हणा, इथेच राहिली. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नड अशी मुरली की आता वेगळी काढायला गेलं तर दोन्ही हातात येणार नाहीत. मेहेंदळे सरांना ती मराठी ऐकताना सुरुवातीला हसू यायचं. कौशल्याबाईंना सरांच्या मराठीचं यायचं. "तुमच्या एका वाक्यात मराठी शब्द शोधायला टॉर्च लागतो की हो," असं त्या तोंडावर म्हणायच्या.

खोड्या हा त्यांचा जन्मजात रोग होता. लग्नात नवरानवरी रंगीत पाण्याच्या घंगाळात अंगठी शोधतात, तेव्हा कौशल्याबाईंनी ती अंगठी पहिल्याच डुबकीत उचलून गालात धरली होती. नवरदेव गिरीराज बिचारे कोपरापर्यंत हात बुडवून शोधत राहिले. शेवटी पाणी ओतून टाकलं तरी अंगठी मिळेना, तेव्हा वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली, भटजींवर संशय आला, आणि मग नवरीनं ती तोंडातून काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. गिरीराजनी ती पुसून बोटात घातली. ते त्यावर तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत. त्यांचा स्वभावच तसा. त्यांचं राजाजीनगरात मिक्सर-ग्राइंडर दुरुस्तीचं दुकान आहे आणि दिवसभर मोटारींचा आवाज ऐकल्यावर घरी त्यांना शांतता लागते.

त्या दुकानात गल्ल्याशी कौशल्याबाई बसायच्या. लोक जुने मिक्सर घेऊन यायचे. मोटर ठणठणीत, भांडी ठणठणीत, पण भांडं फिरवणारा खालचा कप्लर झिजलेला किंवा पुढचं बटण तुटलेलं. आणि तो भाग बनवणं कंपनीनं कधीच बंद केलेलं. "मिळत नाही हो," असं रोज सांगून सांगून कौशल्याबाईंना त्या वाक्याचा वीट आला. मुलगी भव्या आयटीत होती. ती एकदा सहज म्हणाली, "अम्मा, आजकाल असले पार्ट प्रिंट करतात." झालं. जे. पी. नगरातल्या एका कॉलेजात शनिवार-रविवारचा कोर्स असल्याचं कळलं. विषय असा की संगणकावर वस्तू रचायची, यंत्रानं तिचा पटकन नमुना काढायचा, चुकला तर सुधारून पुन्हा काढायचा, आणि शेवटी ती धातूत कोरायची. जाहिरातीत खाली लिहिलं होतं, 'वयाची अट नाही.' हे वाक्य आपल्याला उद्देशूनच आहे, असा कौशल्याबाईंनी समज करून घेतला.

शिकणं सोपं गेलं असं नाही. माउस त्यांच्या हातात झुरळासारखा पळायचा. पडद्यावर चौकोनी ठोकळा फिरवायला गेल्या की तो गायब व्हायचा. "पाठीमागं जाऊन बसलंय बघा ते," म्हणत त्या पडद्याच्या मागे डोकावायच्या. पहिल्यांदा खरोखर आणि नंतर सरांची गंमत करायला. त्यांनी पहिलं बटण छापायला घातलं आणि डबा खायला गेल्या. परत येऊन बघतात तर बटणाऐवजी यंत्रात प्लॅस्टिकच्या तारांचा पुंजका.

"शेवया झाल्या की, सर!"

"खालचा थर नीट चिकटला नाही, अक्का," सर म्हणाले. एव्हाना सगळा वर्ग त्यांना अक्का म्हणायला लागला होता आणि सरांनाही ती लागण झाली होती. "पुन्हा घाला."

कौशल्याबाईंनी पुन्हा घातलं. पुन्हा शेवया. तिसऱ्यांदा बटण झालं, पण दांडीत बसेना. त्यानंतर झालं ते दांडीत बसलं आणि बसलं ते निघेना. हळूहळू मात्र हात बसला. आपण पडद्यावर रेघ मारली आणि ती वस्तू होऊन हातात आली, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटायचं की मेट्रोतून घरी जाताना त्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या हातातही ते बटण द्यायच्या, "धरून बघा तरी" म्हणून.

पण कॉलेजात एक दुखणं होतं. छपाईच्या लहान यंत्रांच्या खोलीला लागून काचेची दुसरी खोली होती. तिच्यात पाच अक्षांवर फिरून धातू कोरणारं मोठं मशीन होतं. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यानं ते कॉलेजला भेट दिलेलं. त्यावर निळं कव्हर, खोलीला कुलूप, आणि किल्ली प्रिन्सिपल शिवनंजप्पांच्या खणात. अभ्यासक्रमात या मशीनवरचे प्रयोग होते, म्हणून सर त्याचा व्हिडिओ दाखवायचे. पोरं व्हिडिओ बघून 'प्रयोग पूर्ण' अशी सही करायची.

कौशल्याबाई एकदा सरळ प्रिन्सिपलांच्या खोलीत गेल्या.

"सर, ते मशीन कधी उघडणार?"

शिवनंजप्पा गोरेगोमटे, पांढऱ्याशुभ्र शर्टातले, सभ्य गृहस्थ होते. "मॅडम, फार मोलाची वस्तू आहे ती," ते म्हणाले. "पोरांनी हात लावला आणि बिघडली तर?"

"बिघडली तर दुरुस्त करू की. आमचं दुकानच हाय दुरुस्तीचं."

शिवनंजप्पा हसले नाहीत. त्यांनी खण नीट बंद आहे ना, हे ओढून पाहिलं.

त्यानंतर काचेच्या खोलीत पाली दिसायला लागल्या. शिवनंजप्पांना पालीचं भय होतं, हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं. कौशल्याबाईंनी अगदी शेपटीच्या टोकापर्यंत हुबेहूब पाल रचली, करड्या रंगात छापली आणि दाराच्या वरच्या फटीतून आत सोडली. ती कव्हरवर बरोबर मधोमध पडली. मग दुसरी. मग पिल्लं. पाली काढायला तरी खोली उघडतील, कव्हर काढतील, असा त्यांचा हिशोब. प्रिन्सिपलांनी कीटकनाशकवाल्याला बोलावलं. त्यानं आत जाऊन एक पाल चिमटीत धरली, उलटीसुलटी केली आणि "साहेब, ही तर खेळण्यातली," म्हणून थेट त्यांच्या हातावर ठेवली. किंकाळी वाचनालयापर्यंत गेली. कोणी केलं ते सिद्ध झालं नाही. परिणाम एवढाच झाला की मशीनवर आणखी एक कव्हर चढलं.

अशात आयुधपूजा जवळ आली.

बेंगळुरूत त्या दिवशी स्कूटरपासून क्रेनपर्यंत ज्याला म्हणून चाक किंवा पातं आहे त्याला हार पडतो. कॉलेजातही यंत्रांची पूजा व्हायची, आणि वर्षातून तेवढ्या एका दिवशी मोठ्या मशीनचं कव्हर निघायचं. केळीचे खांब बांधायचे, हळदकुंकू लावायचं, आणि शेवटी प्रिन्सिपलांनी स्वतः दृष्ट काढून, कुंकू भरलेला कोहळा दारातल्या फरशीवर आपटून फोडायचा. यंदा पाहुण्या म्हणून मशीन देणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजर येणार होत्या. चंदना मॅडम.

"कौशल्या मॅडम, तुम्ही वयानं मोठ्या आहात," शिवनंजप्पा म्हणाले. "पूजेच्या सामानाचं तुम्हीच बघा."

"सरी, सर," कौशल्याबाईंनी होकार भरला, आणि त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते बघायला गिरीराज तिथं हवे होते. ते लगेच बाजूला सरकले असते.

बाजारातून त्यांनी आटोपशीर, गोल कोहळा आणला. लॅबमधल्या स्कॅनरपुढे ठेवून सगळ्या बाजूंनी त्याची प्रतिकृती पडद्यावर उतरवून घेतली. खऱ्या कोहळ्याचं ताकातलं सांबार करून सरांना डब्यात दिलं. सरांनी ते चाटूनपुसून खाल्लं आणि हात धुऊन येतात तो त्यांना अक्कांच्या पडद्यावर एक कोहळा संथपणे गोल फिरताना दिसला.

"अक्का, हे काय?"

"कोहळा."

"ते दिसतंय. कशासाठी?"

कौशल्याबाईंनी खरं तेच सांगितलं. यंत्रात रबरासारखा लवचीक असणारा प्लॅस्टिकचा धागा घालून छापायचा. प्रिन्सिपल आपटतील, तो फुटायचा नाही. एवढंच. पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. कशासाठी, असं खोदून विचारलं असतं तर त्यांना धड सांगताही आलं नसतं. त्या बंद मशीनला हार घातलेला बघवणार नव्हता, एवढं मात्र खरं.

सर खुर्चीत बसले. त्यांचं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं. त्यांनी दाराकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग माउस हातात घेतला.

"भिंत फार पातळ ठेवलीय तुम्ही," ते हळूच म्हणाले. "जोरात आपटला तर फाटेल. जरा जाड करा. आणि आतली जाळी विरळ ठेवा, म्हणजे छान उसळेल."

कौशल्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"सर! तुम्ही?"

"मला काही माहीत नाही," सर म्हणाले. "मी व्हिडिओ लावायला चाललोय."

लवचीक धागा यंत्रातून फार सावकाश जातो, म्हणून छपाई शनिवारी सुरू झाली आणि रविवारी संध्याकाळी संपली. कुणी विचारलंच तर 'स्कूटरचा बंपर' असं सांगायचं ठरलं होतं. कौशल्याबाईंनी कोहळ्याला हिरवा रंग दिला, वरून तोंडाला लावायची पावडर चोळली, खऱ्या कोहळ्याचा देठ चिकटवला. कुंकू भरायला खऱ्या कोहळ्याला वर तिकोनी काप घेतात, तसं झाकण आधीच रचलेलं होतं. पेटता कापूर ठेवला की प्लॅस्टिक वितळेल, हे ध्यानात घेऊन देठाशेजारी स्टीलची छोटी वाटी बसवली आणि ती विड्याच्या पानानं झाकली. अडचण एकच राहिली. वजन. खऱ्याच्या मानानं हा पिसासारखा हलका. पण शिवनंजप्पांच्या हातात आजवर कुणी भाजीची पिशवी पाहिली नव्हती, आणि कौशल्याबाईंनी सगळा डाव त्यावर लावला.

पूजेच्या दिवशी कॉलेज फुलांनी भरलं. चंदना मॅडम आल्या. चाळिशीच्या, केस आखूड कापलेल्या, पायांत कारखान्यातले जाड बूट तसेच. दोन्ही कव्हरं निघाली, मशीन लखलखत उभं राहिलं. प्रिन्सिपलांनी हार घातला, आरती झाली, आणि मग कौशल्याबाईंनी दोन्ही हातांवर तोलून, चांगलं कण्हून, जणू पाठीत उसण भरेल अशा बेतानं तो कोहळा त्यांच्या हाती दिला. शिवनंजप्पांनी तो सहज पेलला. 'मॅडमना एवढा जड गेला आणि आपण बघा' असा भाव त्यांच्या तोंडावर उमटलेला मागच्या रांगेलाही दिसला. त्यांनी कापूर ओवाळला, मशीनवरून तीनदा उतरवला, दारात आले आणि डोक्यावर उंच नेऊन कोहळा फरशीवर दाणकन आपटला.

दाणकन आवाज झालाच नाही. 'ढब्ब' असा झाला. कोहळा फरशीवर चपटला, क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि आला तसा वर उसळला. तिकोनी झाकण उडालं. कुंकवाचा लोट शिवनंजप्पांच्या पांढऱ्या शर्टावर, भुवयांवर, पहिल्या रांगेवर. कोहळा छताला लागून खाली आला, पुन्हा उसळला, पायऱ्यांवरून एकेक टप्पा घेत उतरला आणि अंगणातल्या देवळीतल्या मारुतीला हाय-हॅलो न करता फाटकाकडे निघाला. विराट आणि चार पोरं त्याच्यामागे धावली. पोरांना वाटलं दृष्टच पळून चालली.

कुणी हसावं की नमस्कार करावा, हे ठरेना. सगळ्यांच्या आधी हसल्या त्या चंदना मॅडम. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, गुडघ्यांवर हात टेकून. विराटनं पकडून आणलेला कोहळा त्यांनी हातात घेतला, दाबला, वास घेतला, नखानं खरवडला.

"कुणी केलं हे?"

मेहेंदळे सर एकदम आपल्या बुटांच्या नाड्या बांधायला लागले. कौशल्याबाईंनी हात वर केला, पोरांसारखा, तळवा पुढे करून.

"तुम्ही? सांधा कुठंच दिसत नाही. कोणत्या मशीनवर?"

"ते पलीकडचं लहान. मोठं उघडत नाहीत, त्याची फक्त पूजा करतात."

चंदना मॅडमचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी कुंकवात न्हालेल्या शिवनंजप्पांकडे बघितलं. "म्हणजे दिल्यापासून चाललेलंच नाही? आता चालवू या की. मुहूर्त चांगला आहे."

शिवनंजप्पांना नाही म्हणता येईना. मेहेंदळे सरांनी बटण दाबलं. मशीन गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. चंदना मॅडम स्वतः मशीनच्या मागे गेल्या, खाली वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. विजेची जाड केबल जोडलेलीच नव्हती. ती वेटोळं करून, कागदाच्या वेष्टनात, मशीनच्या पाठीशी सुखानं झोपली होती. हवेचा कॉम्प्रेसर तर आलेलाच नव्हता. कुणी हात लावून बिघडवू नये म्हणून ज्याला दोन दोन कव्हरं आणि कुलूप होतं, त्या मशीनला कुणी हात लावला असता तरी काही झालं नसतं.

"मी तीनदा लिहून दिलं होतं, सर," मेहेंदळे म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. कौशल्याबाईंना त्यांची पाठ थोपटावीशी वाटली.

शिवनंजप्पांनी राग गिळला, पण नियम सोडला नाही. विद्यार्थ्यानं शिस्त मोडली तर पालकाला घेऊन भेटायला यायचं, असं नियमावलीत होतं, आणि वयाची अट नियमावलीतही नव्हती. कौशल्याबाईंचे आईवडील केव्हाच गेलेले. त्यांनी गिरीराजना विचारलं. गिरीराजनी मिक्सर चालू करून आवाज मोठा केला. तेव्हा त्या सासूला घेऊन गेल्या.

ठकुबाई ऐंशीच्या पुढच्या, कानानं मंद आणि आवाजानं खणखणीत. नऊवारी नेसून, मनगटात हिरव्या बांगड्या भरून त्या प्रिन्सिपलांच्या समोर बसल्या.

"आजी, तुमच्या सुनेनं पूजेत विघ्न आणलं," शिवनंजप्पा शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले. "कोहळा खोटा दिला."

"काय? कोळशाचा धूर?"

"कोहळा! फुटला नाही तो."

"फुटला न्हाई?" ठकुबाईंचा हात तोंडावर गेला. "मग दृष्ट तशीच ऱ्हायली की रे बाबा! तुझ्या अंगावर कुंकू सांडलं म्हणत्यात. म्हणजे ती तुझ्याच अंगावर ऱ्हायली. झोप लागते का नीट?"

शिवनंजप्पांना खरोखरच त्या दिवसापासून नीट झोप लागत नव्हती. त्याचं कारण चंदना मॅडमनी वरच्या कचेरीत केलेला फोन हे होतं, पण आता त्यांना त्याबद्दल शंका यायला लागली.

"मग... काय करायचं, आजी?"

"खरा आणायचा, पुन्यांदा उतरायचा. आणि नुस्तं उभं ऱ्हायलेल्या मशीनवरनं उतरून काय व्हतंय? चालतं असावं लागतंय. आमी घरात रोजची विळी पूजतो, माळ्यावरची न्हवं." मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "अन् तू गं! एवढा मोठा कोहळा, आन् मला सांबारात वाटीभरच आलं?"

कॉम्प्रेसर दिवाळीच्या आत आला. तो ठकुबाईंमुळे आला की फोनमुळे, यावर लॅबमध्ये दोन तट आहेत. मशीन जोडलं गेलं त्या सकाळी शिवनंजप्पांनी खरा कोहळा आपटला. तो नीट फुटला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला बघून कौशल्याबाईंना पहिल्यांदाच त्यांची जरा दया आली. शिक्षा मात्र झालीच. कोर्स संपेपर्यंत मोठ्या मशीनची दर शनिवार-रविवारी झाडपूस कौशल्याबाईंनी करायची. म्हणजे खोलीची किल्ली त्यांच्याकडेच राहणार, हे शिक्षा लिहून झाल्यावर प्रिन्सिपलांच्या ध्यानात आलं. तोवर सही झाली होती.

मशीनवर पहिला तुकडा कोरायची पाळी त्यांची आली तेव्हा त्यांनी आकडा चुकवला. कोरायचं पातं ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात वेडंवाकडं घुसलं आणि कडाडून तुटलं. सगळे दचकले. कौशल्याबाईंना थट्टाही सुचेना. सरांनी दुसरं पातं बसवलं आणि बाजूला उभे राहिले.

"पुन्हा घाला, अक्का."

दुसऱ्यांदा पात्यानं चंदेरी किस उडवत धातूत आपली वाट काढली. कौशल्याबाई काचेला नाक लावून, श्वास धरून बघत होत्या. तो तुकडा जरा गरम असतानाच त्यांनी तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ कुणाला हात लावू दिला नाही.

कोर्सच्या शेवटी सगळ्यांना कारखान्यात काही आठवडे काम करावं लागतं. चंदना मॅडमनी कौशल्याबाईंना नावानिशी मागून घेतलं. राजाजीनगरातून मेट्रो, मध्ये बदलून पिवळी लाइन, थेट बोम्मसंद्रा. नमुने काढायच्या विभागात त्यांना टेबल मिळालं. पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं, "कौशल्या अक्का, इथं काम गंभीर आहे. खोड्या चालणार नाहीत."

"सरी, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि आठवडाभर खरोखर शहाण्यासारख्या वागल्या. गाडीच्या दाराच्या एका कडीचा नमुना त्यांनी चार वेळा काढला, चारदा तो वाकडा निघाला, पाचव्यांदा सरळ आला. शुक्रवारी दुपारी चहाच्या वेळी मॅडम स्वतः एक डबा घेऊन आल्या. आत म्हैसूरपाकाच्या वड्या. पिवळ्याधमक, मधे तांबूस, कडेला जाळी पडलेली, तुपाचा वास सुटलेला.

"तुमची कडी पास झाली. तोंड गोड करा. आधी तुम्ही."

कौशल्याबाईंनी वडी उचलली आणि मोठा घास घेतला. दात कटकन वाजले. वडीला ओरखडाही नाही. जाळी हुबेहूब होती, कारण ती छापलेलीच होती, आणि वास वरून चोळलेल्या तुपाचा होता. सगळा विभाग कधीपासून श्वास रोखून उभा होता, तो आता फुटला. कुणी टेबल बडवलं, कुणी खाली बसलं. चंदना मॅडम तर भिंतीला टेकून हसत होत्या.

जन्मभर दुसऱ्यांना फसवलेली ही बाई पहिल्यांदाच अशी पकडीत सापडली होती. दाढ ठणकत होती. कौशल्याबाईंनी वडी तोंडातून काढली नाही. डोळे मिटले, गाल हलवले, अगदी मन लावून चघळलं, आणि मग डोळे उघडून म्हणाल्या,

"छान झालाय, मॅडम. तूप तेवढं स्वल्प कमी पडलंय."